कुणाला दाखवलं?

आजारी माणसाने कुठे जावे, हा वैद्यकशास्त्राचा प्रश्न आहे असा समज आहे. महाराष्ट्रात तो प्रामुख्याने नातेवाइकांचा प्रश्न आहे. आजाराची बातमी फुटली की 'काय होतंय?' असे क्वचितच कुणी विचारते. 'कुणाला दाखवलं?' असे विचारले जाते, आणि उत्तर काहीही आले तरी 'त्याला कशाला दाखवलंत!' ही प्रतिक्रिया ठरलेली असते.

कुठेही जाण्याआधी आजार काही काळ अंगावर काढण्याची रीत आहे. या काळात गवती चहा, आले, तुळस, हळद घातलेले दूध आणि ओव्याची पुरचुंडी यांचा प्रयोग होतो. घरात वडीलधारे कुणी असल्यास मीठ-मोहऱ्यांनी दृष्टही काढली जाते. सर्दी-पडसे मुळातच काही दिवसांत आपले आपण जात असल्याने या उपायांचे निकाल उत्कृष्ट लागतात. पुढचा घोळ याच यशातून होतो. पडशावर चाललेला काढा मग त्याच विश्वासाने डेंग्यूवरही चालवून पाहिला जातो.

काढा हरला की 'मेडिकल'. काउंटरपलीकडचा माणूस तपासणी फी घेत नाही, ताटकळत ठेवत नाही आणि मुख्य म्हणजे वजन कमी करायला सांगत नाही. कायद्याने परिशिष्ट 'एच'मधली औषधे चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. २०१४पासून तर 'एच-१' अशी आणखी कडक यादी असून तिच्यात बरीच अँटिबायोटिक्स आहेत. ती विकताना डॉक्टरचे आणि रुग्णाचे नाव वहीत नोंदवावे लागते. तरीही 'मागच्या खेपेच्या त्या पिवळ्या गोळ्या द्या' या वाक्यासमोर भले भले कायदे मान टाकतात. ताप उतरला की राहिलेल्या गोळ्या फ्रिजच्या डोक्यावरच्या डब्यात जातात आणि शेजारच्यांना ताप आला की बाहेर येतात.

यानंतर खरे तर फॅमिली डॉक्टरचा क्रम लागतो. आजोबांची साखर, नातवाचे टॉन्सिल्स आणि सूनबाईंच्या पाठदुखीचा माहेरपणाशी असलेला संबंध हे सारे त्याला तोंडपाठ असते. बहुतेक दुखणी इथेच मिटू शकतात. अडचण एवढीच की त्याची पदवी आता लहान वाटू लागली आहे. इंजेक्शन न देता घरी पाठवणारा डॉक्टर लोकांना अर्धवट शिकलेला वाटतो. सलाईन लावणाऱ्याच्या हाताला मात्र गुण असतो. म्हणून अनेक रुग्ण हा टप्पा गाळून दुखऱ्या अवयवावरून स्वतःच तज्ज्ञ निवडतात. डोके दुखले की मेंदूचा डॉक्टर गाठायचा, आणि एमआरआय झाल्यावर चष्म्याचा नंबर वाढल्याचे समजायचे. छातीबाबत रीत नेमकी उलट आहे. खरा हृदयविकार पुष्कळदा 'गॅस झालाय' म्हणून सोड्यावर ढकलला जातो. मधुमेह असलेल्यांत तर छातीत न दुखताही झटका येऊ शकतो, पण तेवढे ऐकून घ्यायला सोडा पाजणाऱ्याला वेळ नसतो.

सरकारने मात्र या प्रश्नाचे उत्तर फार पूर्वीच पायऱ्या आखून दिले आहे. सपाट प्रदेशात सुमारे ५,००० लोकांमागे एक उपकेंद्र आणि ३०,००० लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र. डोंगराळ आणि आदिवासी भागांत हेच आकडे ३,००० आणि २०,०००. त्याच्या वर ग्रामीण रुग्णालय, मग उपजिल्हा रुग्णालय, मग जिल्ह्याचे 'सिव्हिल' आणि सर्वांत वर ससून, जे. जे. यांसारखी वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये. रुग्णाने एकेक पायरी चढत जावे अशी कल्पना आहे. प्रत्यक्षात रुग्ण एक तर पहिल्या पायरीच्याही अलीकडे बसून राहतो किंवा थेट माडीवर उडी मारतो. त्यामुळे परळला १९२६पासून उभ्या असलेल्या केईएमच्या केसपेपरच्या रांगेत गुंतागुंतीच्या शस्त्रक्रियेसाठी परजिल्ह्यातून आलेला माणूस आणि साध्या खोकल्याचा माणूस एकामागे एक उभे असतात. त्यांतला खोकल्याचा माणूस रांगेला अधिक शिव्या देतो.

मोठे शहर म्हणजे मोठा इलाज, हे समीकरण दर वेळी खरे ठरत नाही. विंचूदंशावर प्राझोसिन हे रक्तदाबाचे औषध प्राण वाचवते, हे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी महाड परिसरात काम करताना दाखवून दिले. सापाच्या विषावरची लस तर सरकारी रुग्णालयात मोफत मिळते, आणि अशा रुग्णाला गावात मांत्रिकाकडे किंवा चार तासांवरच्या शहरात नेणे, दोन्ही सारखेच घातक.

भूगोलाचाही या निर्णयात हात असतो, पण तो शासनाच्या नकाशातला भूगोल नव्हे. सावंतवाडी-दोडामार्गच्या माणसाला मुंबईपेक्षा बांबोळीचे गोवा मेडिकल कॉलेज जवळचे. २०१८मध्ये गोव्याने परराज्यातल्या रुग्णांना शुल्क लावले तेव्हा सिंधुदुर्गात उगीच खळबळ उडाली नव्हती. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४मध्ये मिरजेत रुग्णालय सुरू केले, आणि कर्नाटकातले रुग्ण आजही मिरजेत उतरतात. सीमावाद दुखण्याला लागू नाही.

आजकाल अंतिम निर्णय कागदपत्रे घेतात. विमा असेल तर 'कॅशलेस' जिथे चालते तिथले डॉक्टर आपोआप नामांकित ठरतात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत यायचे तर रुग्णालय योजनेच्या यादीत हवे आणि रेशन कार्ड हाताशी हवे. तेव्हा घरात आधी रुग्णाची नाडी नव्हे, रेशन कार्ड शोधले जाते. ते गावी असते. ही शोधाशोध करण्याऐवजी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधी विचारले, तर निम्मा मनस्ताप वाचतो. पण तो नात्यातला नसल्याने त्याच्या शब्दाला वजन नसते.

एवढा सारा खल दुखणे सावकाशीचे असेल तर परवडतो. छातीत दाब येणे, तोंड वाकडे होणे, एका बाजूचा हातपाय लुळा पडणे, साप चावणे यांत सभा भरवू नये. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका महाराष्ट्रात २०१४पासून मोफत आहे. मेंदूतली गुठळी विरघळवणारे औषध साधारण साडेचार तासांच्या आतच द्यावे लागते, आणि त्याआधी सीटी स्कॅन लागते. तेव्हा ती सोय असलेलेच रुग्णालय गाठावे. पुण्याच्या मेहुण्याला फोन रुग्णवाहिकेतूनही लागतो.