हरकतदार

भाऊंची डॉक्टरविषयीची तक्रार पहिल्यांदा ऐकली तेव्हा आमच्या गल्लीतल्या वकिलानं त्यांना ग्राहक मंचात जायचा सल्ला दिला होता. 'डॉक्टरनं सत्यानाश केला, जुने कागद गायब केले, बाराच वेळा करता येते म्हने आन् तेराव्यांदाही केलं' एवढं कानावर पडल्यावर कुठल्याही वकिलाचे डोळे चमकणारच. ऑपरेशन कुठे झालं, बिलं जपून ठेवली का, असं विचारत तो ओट्यावर टेकला. अर्ध्या तासानं उलगडा झाला की डॉक्टर विलायतेतला आहे, मूळचा तिथलाही नाही, परग्रहावरचा आहे, त्याला दोन हृदयं आहेत आणि निळ्या पोलीस खोक्यात बसून तो काळातून इकडेतिकडे हिंडतो. वकील चहा न घेता उठला. अमरावतीत माणूस चहा न घेता उठतो म्हणजे त्याच्यावर काय गुदरलं असेल ते समजून घ्या.

'डॉक्टर हू' ही बीबीसीची मालिका. पहिला भाग 23 नोव्हेंबर 1963 चा, आदल्याच दिवशी केनेडींचा खून झालेला. दिग्दर्शक वारिस हुसेन, जन्म लखनौचा. 1989 ला मालिका बंद पडली, 2005 ला नव्यानं उभी राहिली. एवढी माहिती भाऊ कुणालाही, न विचारता, बसस्टँडवरसुद्धा देतात. मग श्वास घेतात आणि मुद्द्यावर येतात. मुद्दा असा की या मालिकेचे लेखक नालायक आहेत.

अशी माणसं आता तालुक्यागणिक सापडतात. मालिकेचे लेखक बिघडले हे त्यांना पहिल्या पाच मिनिटांत कळतं आणि पुढचे पन्नास भाग ती खात्री करून घेण्यासाठी पाहतात. साधा प्रेक्षक कंटाळला की चॅनेल बदलतो. हा कंटाळला की वही काढतो.

भाऊंची वही मी पाहिली आहे. भाऊ महसूल खात्यात आहेत. लाल कापडात बांधलेल्या बस्त्यांमध्ये त्यांची अर्धी हयात गेली, त्यामुळे वहीला रीतसर रकाने आहेत: अनुक्रमांक, भाग, मूळ नोंद, बदललेली नोंद, शेरा. उन्हाळ्याच्या दुपारी बाहेर पंचेचाळीस अंश, आत कूलरची घरघर, त्यात इंग्रजी संवाद ऐकू येत नाहीत म्हणून पडद्याखालच्या अक्षरांवर डोळे लावलेले, आणि मांडीवर ही वही. कूलरमधलं पाणी संपून मोटर कोरडी फिरायला लागली तरी भाऊ उठत नाहीत. वहिनी बादली घेऊन येतात, पाणी ओततात आणि जाताना शेऱ्याच्या रकान्यावर नजर टाकतात. तिथे 'अमान्य' असतं, 'पुरावा सादर करावा' असतं. एका ठिकाणी 'लेखकास समज देण्यात यावी' असंही आहे.

या आजाराचं मूळ शक्तिमानमध्ये आहे. 1997 ला दूरदर्शनवर शक्तिमान सुरू झाला तेव्हा भाऊ शाळेत होते. शेजाऱ्यांच्या बैठकीत वीसेक पोरं सतरंजीवर, आणि पडद्यावर किल्विष अंधाराचा जयजयकार करतोय, नेमकी तेव्हाच लाइन जायची. बाकीची पोरं महावितरणच्या पूर्वसुरींना शिव्या देत घरी जायची. भाऊ तिथेच बसून राहायचे, कारण त्यांना एक प्रश्न छळत असे. शक्तिमान गंगाधर होताना चष्मा लावतो आणि खोटे दात बसवतो, एवढ्यावर गीता विश्वासला तो ओळखू येत नाही? बाई वार्ताहर आहे ना? बरं, तेही सोडून दिलं. पण एक दिवस गीताच बदलली! किटू गिडवानी गेल्या, वैष्णवी महंत आल्या, आणि मालिकेतल्या एकाही माणसानं 'बाई, तुमचा चेहरा कुठाय?' असं विचारलं नाही. शक्तिमान कुंडलिनी जागृत करून हवेत उडतो हे त्या पोरानं बिनतक्रार मान्य केलं होतं. फेरफार न घेता खातेदार बदलला, हे काही त्याला आजपर्यंत पचलेलं नाही.

म्हणून पुढे कॉलेजात कुणाच्या तरी पेन ड्राइव्हमधून डॉक्टर हाती लागला तेव्हा भाऊंना घर सापडल्यासारखं झालं. 1966 ला मूळ नट विल्यम हार्टनेल आजारी पडले. मालिका तर चालू ठेवायची. तेव्हाच्या मंडळींनी काय करावं? डॉक्टर मरायला टेकला की त्याचं शरीरच नवं होतं, असं कथेतच लिहून टाकलं. हार्टनेल जमिनीवर पडले, पॅट्रिक ट्रॉटन उठले. चेहरा बदलला, कारण दिलं, नोंद झाली. महाराष्ट्र जमीन महसूल संहिताही 1966 चीच आहे. भाऊ याला योगायोग मानत नाहीत.

तिथून पुढे मात्र सगळी घसरगुंडी. भाऊ शांत असले की पुस्तकातली मराठी बोलतात. मालिकेच्या लेखकाचा विषय निघाला की वऱ्हाडी उसळून येते.

"1976 ले त्याईनंच सांगतलं, बारा वेळाच बदलता येते. तेरा देह, खलास. बरं, आमी मानलं. 2013 च्या नाताळात बारा संपले, तं आभायातल्या एका भेगेतून नवा कोटा मंजूर! अर्ज नाई, चौकशी नाई. आमच्याकडे राशन कार्डावर नाव चढवाले सहा महिने लागते!"

चंद्राचं प्रकरण तर मी मुद्दाम काढतो, कारण ते ऐकण्यासारखं असतं. 2014 च्या एका भागात असं निघालं की चंद्र म्हणजे एक अंडं आहे. ते फुटतं, आतून प्रचंड पाखरू निघतं, आणि उडून जाण्याआधी मागे तसंच दुसरं अंडं घालून जातं, म्हणजे पृथ्वीवरच्यांना रात्री चुकल्यासारखं वाटू नये.

"परग्रहावरचं पाखरू मले चालते," भाऊ म्हणतात. "चंद्रातून निंघालं, तेई चालते. पन आमच्या आजीनं जलमभर कोंबड्या पायल्या. अंड्यातून निंघाल्याबरोबर आपल्याच मापाचं अंडं देनारं पिल्लू तिनं पाह्यलं नाई. थे काई इंग्लंडले जाऊन शिकली नोती, तरी तिले समजत होतं."

वहीत या भागापुढे शेरा आहे: 'स्थळ पाहणी आवश्यक.'

सुरुवातीला मला वाटायचं की भाऊंना विज्ञान हवं आहे. तसं नाही. विज्ञान हवं असेल तर त्यांच्या कपाटात नारळीकर आहेत आणि ते निराळ्या भक्तिभावानं वाचले जातात. नारळीकरांनी 1974 ला मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत 'कृष्णविवर' ही कथा पाठवली ती 'नारायण विनायक जगताप' या नावानं, म्हणजे स्वतःची आद्याक्षरं उलटी फिरवून, आणि पहिलं बक्षीस घेतलं. या लपवाछपवीलाही भाऊंची हरकत नाही. अक्षरं तीच आहेत, फक्त उलट क्रमानं चढली आहेत, असा त्यांचा निकाल. डॉक्टरकडून त्यांची अपेक्षा याहून फार कमी आहे. तुम्ही वाट्टेल ते खोटं लिहा, पण काल लिहिलेलं खोटं आज लक्षात ठेवा. एवढंच.

आणि नेमकं तेवढंच होत नाही. डालेक नावाचे मिठाच्या बरणीसारखे दिसणारे शत्रू 2005 ला 'हा शेवटचाच' म्हणून दाखवले. त्याच वर्षी हंगाम संपता संपता थवेच्या थवे हजर. भाऊंची बडनेऱ्याकडे थोडी कापसाची शेती आहे, त्यामुळे त्यांना याचं आश्चर्य वाटलं नाही. बीटी आलं तेव्हा बोंडअळी संपली म्हणाले होते, 2017 ला अख्ख्या विदर्भानं गुलाबी अळी पाहिली. पण बोंडअळीला लेखक नसतो, हा फरक भाऊ लगेच दाखवून देतात. डॉक्टरच्या हातातला तो किणकिणणारा स्क्रू ड्रायव्हर कुलूप उघडतो, यंत्र बंद पाडतो, रोगनिदानही करतो. फक्त लाकडावर चालत नाही. लेखक अडला की तो खिशातून बाहेर येतो. लेखकाला अडवायचं असलं की दार लाकडी निघतं.

मग 2020 आलं. जगाला त्या वर्षाची आठवण वेगळ्या कारणानं आहे. भाऊंच्या लेखी त्या वर्षी असं जाहीर झालं की 1963 चा पहिला डॉक्टर हा पहिला नव्हताच. त्याच्या आधी किती होऊन गेले याचा पत्ता नाही, आणि डॉक्टर ज्या ग्रहाचा म्हणून इतकी वर्षं सांगितलं त्या ग्रहाचा तो नाहीच, कुठून तरी सापडलेलं पोर आहे.

"मूळ खातेदारच बोगस!" भाऊ त्या रात्री जेवले नाहीत. "वारसनोंद नाई, हितसंबंधितायले नोटीस नाई. नमुना नऊची नोटीस द्या, पंधरा दिवस थांबा, हरकत आली तं सुनावनी घ्या. हा काय प्रकार हाये?"

"तुम्ही कुठले हितसंबंधित?" वहिनींनी विचारलं. त्यांचा प्रश्न रास्त होता. त्यांच्या रात्री आठच्या मालिकेत मेलेला नवरा नव्या चेहऱ्यानं परत आला होता तेव्हा भाऊ आठवडाभर हसत होते, हे त्या विसरलेल्या नाहीत.

डिसेंबर 2023 मध्ये तर वाटणीच झाली. डॉक्टर मरताना नवा होण्याऐवजी दोन झाला, जुनाही हयात आणि नवाही हयात. खोका एकच, मग आता तो कोणाकडे? नव्या डॉक्टरनं भलामोठा हातोडा उचलला, खोक्याला एक ठोका दिला आणि खोक्याचे दोन खोके झाले. हा प्रसंग सांगताना भाऊंचा आवाज रागानं नाही, हेव्यानं कापतो. ज्या माणसानं एका विहिरीच्या पाळीपाण्यासाठी तीन पिढ्या भांडलेले भाऊबंद कचेरीत रोज पाहिले आहेत, त्याला हा हातोडा कुठे मिळतो ते खरंच जाणून घ्यायचं आहे.

भाऊंना तोडीस तोड माणूस अख्ख्या वऱ्हाडात एकच, त्यांचे अकोल्याचे साडभाऊ. सरकीचा धंदा, आणि स्टार ट्रेकची निष्ठा. दोघांची सासुरवाडी मूर्तिजापूर, म्हणजे बरोब्बर मधलं मैदान. अधिक महिन्यात दोघं दोन दिशांनी येतात. भाऊ हायवेनं येतात आणि उतरल्या उतरल्या सुरू होतात, "या हायवेवर पंच्याहत्तर किलोमीटर डांबर एकशेपाच तास तेहतीस मिनिटांत टाकलं, जून 2022, गिनेसात नोंद हाये! आन् या बीबीसीवाल्यायले साठ वर्षांत डॉक्टरायची एक यादी करता येत नाई!"

"आमच्याकडे असं नाई होत," साडभाऊ रोडग्यावर तूप ओढून घेत म्हणतात.

हे म्हणजे आयतं हातात सापडणं. स्टार ट्रेक सप्टेंबर 1966 ची. तिच्यातले क्लिंगॉन सुरुवातीला सपाट कपाळाचे होते, 1979 च्या सिनेमात त्यांच्या कपाळावर अचानक वळकट्या आल्या. 1996 च्या एका भागात एका क्लिंगॉनलाच कारण विचारलं, तर तो म्हणाला की आम्ही याबद्दल बाहेरच्यांशी बोलत नाही. खरी हकिकत 2005 ला सांगितली: जनुकांच्या प्रयोगातून पसरलेला विषाणू.

"झाली ना नोंद?" साडभाऊ.

"सव्वीस वर्षांनी? मुदतबाह्य!"

"उशीर माफीचा अर्ज असते ना बाप्पा!"

मामाजी रेल्वेतून निवृत्त झालेले. दोन्ही जावई तावातावानं बोलत असले म्हणजे शेतीचंच काही असणार असं धरून ते वर्षानुवर्षं मान हलवत आले. या खेपेला मात्र त्यांनी वांग्याच्या भाजीचा वाडगा खाली ठेवला आणि विचारलं, "मंग सध्या डॉक्टर कोन हाये?"

भाऊ गप्प झाले. साडभाऊंनीसुद्धा फायदा घेतला नाही. कारण मे 2025 च्या शेवटच्या भागात डॉक्टर पुन्हा बदलला आणि चेहरा निघाला बिली पायपर यांचा, म्हणजे वीस वर्षांपूर्वी ज्या डॉक्टरबरोबर हिंडत होत्या त्याच बाई. जुनं कूळ परत कब्जात! त्यातून शेवटच्या पट्टीवर त्यांचं नुसतं नाव आलं, डॉक्टर म्हणून आलं नाही. खातेदाराचं नाव आहे, पण कोणत्या हक्कानं, तो रकाना कोरा. भाऊंच्या सबंध नोकरीत असा कागद त्यांच्या टेबलावर आलेला नाही.

त्याच दुपारी दोघा साडभावांनी मिळून अर्ज लिहिला. 'विषय: डॉक्टर या पात्राच्या नोंदीत परस्पर केलेल्या बदलांबाबत हरकत.' खाली संदर्भ, भागांच्या तारखांसह. 'सबब विनंती की, सदर बदल रद्द करून मूळ नोंद कायम करावी.' साक्षीदार म्हणून साडभाऊंनी सही केली. डॉक्टरशी आपला काही संबंध नाही, केवळ नातेसंबंधांमुळे सही करत आहे, असं कंसात लिहून. मामाजींनी अंगठा लावू का म्हणून विचारलं. त्यांना सही येते, पण प्रकरण जुनं वाटावं असं त्यांना वाटत होतं.

अर्ज अजून भाऊंच्या टेबलाच्या खणात आहे, कारण इंग्रजी भाषांतरात 'सबब' अडली आहे. दरम्यान 2026 च्या नाताळात विशेष भाग येईल, असं बीबीसीनं जाहीर केलं. नाताळ शुक्रवारी, पुढे शनिवार-रविवार सुटीच, तरी भाऊंनी सोमवारची किरकोळ रजा आतापासून टाकून ठेवली आहे. दोन दिवसांत हरकती लिहून होणार नाहीत, असा त्यांचा अंदाज. भाग यायचाय. वहीत नवं पान उघडून अनुक्रमांक घातले आहेत आणि पहिल्या काही ओळींपुढे शेरेही चढले आहेत.