रुंदीचा सरंजाम
'हे संकेतस्थळ ८०० × ६०० पडद्यावर उत्तम दिसेल' असे बारीक अक्षरांत जाहीर करून वाचकाने आपला पडदा त्या बेताचा ठेवावा अशी अपेक्षा धरणारा रचनाकार, दरवाजाच्या उंचीप्रमाणे पाहुणे निवडणाऱ्या गृहस्थाच्या जातीचा होता, यात शंका नाही. पुढे १०२४ बिंदू (पिक्सेल) रुंदीचे पडदे रूढ झाले, तेव्हा सरकपट्टीचा वाटा वजा जाऊनही निर्धास्त बसेल अशी ९६० ही पानाची रुंदी मुक्रर झाली. आणि या संख्येला ३, ४, ५, ६, ८, १२, १६ या सर्वांनी निःशेष भाग जातो, या सद्गुणाचे गुणगान इतक्या भक्तिभावाने होऊ लागले की, स्तंभ बारा असावेत की सोळा, एवढाच काय तो चिंतनीय प्रश्न उरला. (वाचकाला मजकुराशी कर्तव्य असते, भागाकाराशी नव्हे, याची नोंद कोणाच्याच दप्तरी नसावी.) २००७ साली आयफोन अवघ्या ३२० बिंदूंची रुंदी घेऊन अवतरला, आणि त्याच्या ब्राउझरने आपण ९८० बिंदूंचे आहोत अशी बतावणी करून सबंध पान मुंगीएवढ्या अक्षरांत दाखविले. अखेर २०१० साली संकेतस्थळांचे रचनाकार ईथन मार्कोट यांनी पडद्यानुसार आकार पालटणाऱ्या रचनेचा पुरस्कार केला; तो सर्वांनी शिरसावंद्य मानला, आणि लगोलग ३२०, ७६८, १०२४ असे नवे टप्पे कायम केले, म्हणजे एकाच कंपनीच्या उपकरणांची मापे लवचिकतेच्या नावाने दाखल करून घेतली. आता घडीचे फोन आले आहेत. अर्धवट उलगडलेल्या पडद्याचा बंदोबस्त कोणत्या कलमाखाली करावा, यावर खल चालू आहे.