कूलर, खादी आणि मिनिटाला चार मीटर

कूलरचं तळ सडायला मार्च महिन्याचाच मुहूर्त का लागतो, हे आजवर कोणी सांगितलेलं नाही. आठ महिने तो मागच्या अंगणात निमूट उभा असतो. होळी होते, वाळ्याच्या जाळ्या बदलल्या जातात, घरमालक मोठ्या उमेदीने टाकीत पहिली बादली ओततो आणि खालून धार लागते. वर्ध्याजवळच्या आमच्या बोरगाव मेघेत या धारेवर पिढ्यान् पिढ्या चालत आलेला इलाज म्हणजे डांबर. त्यावर भागलं नाही तर एम-सील. त्यावरही भागलं नाही तर खाली टोपलं ठेवायचं आणि टोपल्यातलं पाणी तासाभराने पुन्हा कूलरमध्ये ओतायचं. पाण्याचा पुनर्वापर म्हणतात तो हाच.

अगदीच जिद्दी माणूस कूलर ऑटोत घालून वेल्डिंगवाल्याकडे नेतो. तिथून तो एका भोकाची तीन भोकं करून परत येतो. वेल्डिंगवाला वर म्हणतो, "याच्यात पत्राच नाही राह्यला जी, मी कायले वेल्डिंग मारू?" त्याचं चुकत नाही. कूलरचा पत्रा जेमतेम पाऊण-एक मिलिमीटरचा. वेल्डिंगवाल्याच्या होल्डरमध्ये असते सव्वातीन मिलिमीटरची रॉड, गेट आणि ग्रील जोडायची. ती शंभर अँपिअर मागते. तेवढ्यात कूलरचं तळ वितळून खाली पडतं आणि मग दोघंही त्या भोकातून एकमेकांकडे पाहत राहतात.

पातळ पत्र्याचं काम मिगचं. फॅब्रिकेशनच्या दुकानांत याला सरळ सीओटू म्हणतात, आणि 'सीओटू मारून देतो' म्हटलं की दोन पैसे जास्त लागणार हे गिऱ्हाइकाने समजून घ्यायचं असतं. यात रॉड नाही. रिळावर गुंडाळलेली बारीक तार मोटरने नळीतून पुढे येते, पिस्तुलाच्या तोंडातून बाहेर पडते, पत्र्याला टेकते, वितळते. भोवतीने कार्बन डायऑक्साइड किंवा आर्गॉनचं मिश्रण सोडलेलं असतं, म्हणजे वितळलेल्या धातूला हवा लागत नाही. अमेरिकेतल्या बॅटेल संस्थेत १९४८ साली ही पद्धत तयार झाली, तेव्हा ती अ‍ॅल्युमिनियमसाठी होती आणि गॅस महागडा होता. १९५३च्या सुमारास स्वस्त कार्बन डायऑक्साइड पोलादाला चालतो असं लक्षात आलं आणि मग ती गरिबाच्या आटोक्यात आली. बोरगावात माझ्या अंगणात यायला तिला त्यानंतर बराच वेळ लागला, पण आपल्याकडे कोणती गोष्ट वेळेवर येते?

मशीन आलं त्या संध्याकाळी सौभाग्यवतींनी एकच प्रश्न विचारला, "याच्या पैशात कूलर किती आले असते?" तीन आले असते. पण स्वावलंबनाचा हिशेब असा करत नाहीत, आणि वर्ध्यात तर मुळीच करत नाहीत, असं मी म्हणालो. इथून हाकेच्या अंतरावर मगनवाडी आहे. १९३४ साली गांधीजींच्या पुढाकाराने अखिल भारत ग्रामोद्योग संघ निघाला आणि त्यांचे सहकारी कुमारप्पा यांनी घाणी, चक्की, हातकागद यांचा संसार तिथेच मांडला. अशा भूमीत कूलरचं तळ दुसऱ्याकडून जोडून आणायचं? सौ. म्हणाल्या, "गांधीजींनी दोनशे अँपिअरचं मशीन घ्यायला सांगितलं होतं का?"

हा प्रश्न मी गांभीर्याने घेतला. गांधीजी यंत्राच्या विरुद्ध होते असं लोक बिनधास्त ठोकून देतात. त्यांनी सिंगरच्या शिलाई यंत्राला स्वतःहून सूट दिली होती. चरख्याच्या बाबतीत तर १९२९ साली चक्क एक लाख रुपयांचं बक्षीस जाहीर झालं होतं. अटी वाचण्यासारख्या आहेत. चरखा दीडशे रुपयांच्या आत मिळावा, आठ तासांत सोळा हजार फूट सूत निघावं, आणि वीस वर्षं तो न कुरकुरता चालावा. किर्लोस्करवाडीनेही त्यासाठी एक चरखा केला होता, पण बक्षीस कोणालाच मिळालं नाही. मी बसून गणित केलं. सोळा हजार फूट म्हणजे मिनिटाला दहा मीटर सूत. माझं मशीन पातळ पत्र्यावर मिनिटाला चार मीटरच्या आसपास तार सोडतं. म्हणजे वेगाच्या बाबतीत ते गांधीजींच्या मर्यादेत बसतं, उलट सहा मीटर मागेच आहे. वीस वर्षांच्या अटीचं मात्र मी घरात बोललो नाही. हमीपत्रावर एक वर्ष लिहिलं आहे, आणि तेही 'पिस्तूल व नळी सोडून'.

बाकी चरख्याशी याचं नातं अगदीच ओढूनताणून नाही. दोन्हींत सगळी कला धागा पुढे सरकवण्यात आहे, आणि दोन्हींत धागा अडला की माणसाचा स्वभाव कळतो. पाच किलोच्या रिळावर पॉइंट आठची तार सव्वा किलोमीटरहून जास्त असते. तिचं मोकळं टोक हातातून सुटलं, की ती सगळी एका क्षणात उलगडायला बघते. म्हणून आधी टोक वाकडं असेल ते कापून सरळ करायचं, हातात धरूनच रोलरच्या खाचेत बसवायचं आणि मग दाबाचा स्क्रू आवळायचा. किती आवळायचा, यावर माझ्या अंगणात तीन दिवस परिसंवाद चालला. शेजारचे बाळूभाऊ म्हणत, "कचकावून आवळा काकाजी, म्हणजे घसरत नाही." कचकावून आवळलं आणि पुढे तार अडली, तर मोटर मागून ढकलतच राहते. मग रोलरपाशी तारेचा गुंता होतो, तो कापून काढण्यात अर्धा तास जातो, आणि त्या अर्ध्या तासात सल्ला देणारा घरी जेवायला गेलेला असतो. तार अडली तर रोलर घसरावा, इतकाच दाब पुरे. बिनगॅसची, पोटात भुकटी भरलेली तारही मिळते. तिला दातेरी रोलर लागतो, आणि मशीनच्या आतली प्लस-मायनसची जोडणी उलटी करावी लागते. साध्या तारेला पिस्तूल प्लसवर, भुकटीच्या तारेला मायनसवर. हे झाकणाच्या आत बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, म्हणून ते कोणी वाचत नाही, आणि मग 'मशीन डुप्लिकेट निघालं' अशी बातमी गावभर होते.

तसंच अर्थच्या चिमट्याचं. पन्नास टक्के मशीनं या चिमट्यापायी बदनाम झालेली आहेत. लोक चिमटा रंगावर लावतात, गंजावर लावतात, सोयीचं वाटेल तिथे लावतात. रंग घासून चकचकीत लोखंड काढलं नाही तर करंट येणार कुठून? या कामात पिस्तूल चालवणं हा शेवटचा आणि सर्वांत छोटा भाग आहे. त्याआधी घासणं आहे, पुसणं आहे, पुन्हा घासणं आहे. लग्नात जसं मंगलाष्टकांपेक्षा आचाऱ्याकडे जास्त लक्ष द्यावं लागतं, असं एखादं वाक्य इथे टाकायचा मोह होतो, पण चरख्याची उपमा वापरून झाली आहे.

गॅसचा प्रकार मात्र आमच्या गल्लीला फार आवडला. सिलिंडरमधला कार्बन डायऑक्साइड बाहेर पडताना इतका थंड होतो, की रेग्युलेटरवर बर्फाची साय धरते. त्यासाठी रेग्युलेटरला हीटर लावतात. बाहेर पारा ४५च्या वर, आणि आम्ही गॅस गरम करायला हीटर लावतोय! मुलं हात लावून बघायला यायची. एका आजीबाईंनी विचारलं, "याच्यात बर्फ होते, त मंग कूलर कायले दुरुस्त करता?" मला उत्तर देता आलं नाही.

सिलिंडरवरचा काटाही वऱ्हाडी स्वभावाचा, पोटातलं ओठावर येऊ देत नाही. थंडीत आत द्रव असतो, तो संपेपर्यंत दाब जवळजवळ तोच, म्हणून काटा हलत नाही. भरलेला की अर्धा, काही कळत नाही. ३१ अंशांच्या वर तर आत द्रव उरतच नाही, सगळं एक होऊन जातं, आणि भर उन्हाळ्यात काटा त्याला वाटेल ते सांगतो. तेव्हा सिलिंडर वजनावरच तपासावा. आम्ही तो कापसाच्या काट्यावर ठेवतो. एक किलो गॅस मिनिटाला दहा लिटरच्या हिशेबाने पाऊण-एक तास पुरतो. सिलिंडर मात्र उभाच ठेवायचा, साखळीने बांधायचा, उन्हात नाही ठेवायचा आणि बंद खोलीत काम करायचं नाही. इथे मी विनोद करत नाही आहे.

खरी कसोटी पुढेच. गॅसचं ते नाजूक आवरण वाऱ्याने उडून जातं आणि मग वेल्डिंगमध्ये जाळीसारखी भोकं पडतात. म्हणून पंखा बंद. कूलर तर दुरुस्तीलाच आहे. अंगावर लांब बाह्यांचा जाड सुती सदरा, हातात चामड्याचे मोजे, डोक्यावर दहा नंबरच्या काचेचा टोप. वर्ध्याचा मे महिना. अशा अवस्थेत माणसाला शांतपणे एका बारीक ठिणगीकडे बघत हात स्थिर ठेवायचा असतो. विपश्यनेला लोक इतक्या लांब कशाला जातात कळत नाही. टेरिकॉटचा शर्ट घालून बसाल तर एक ठिणगी पुरते, तो वितळून अंगाला चिकटतो. खादी जळते, पण चिकटत नाही. वेल्डिंगला खादीइतका शास्त्रीय पोशाख नाही. सेवाग्रामच्या इतक्या जवळ राहून हे मला वेल्डिंग मशीनकडून कळलं.

बरं, मशीनलाही ऊन लागतं. त्याच्या पाटीवर ६० टक्के लिहिलेलं असतं. अर्थ असा, की पूर्ण करंटवर दहा मिनिटांत सहा मिनिटं काम आणि चार मिनिटं विश्रांती. पाटी सौ.नी वाचली आणि "घरात असा अजून एक आहे," एवढंच म्हणाल्या. गंमत म्हणजे हा आकडा ४० अंश तापमान धरून ठरवतात. आमच्याकडे ४० म्हणजे सकाळी अकराची हवा. दुपारी मशीन सहा मिनिटं कसलं टिकतंय? पिवळा दिवा लावून चुपचाप बसतं. त्यात पलीकडच्या घरी बोअरची मोटर सुरू झाली की व्होल्टेज बसतं, आणि तार वितळायच्या ऐवजी पत्र्याला जाऊन टुक्-टुक् टोचू लागते. तेव्हा करंटचं बटण फिरवून उपयोग नाही. पलीकडे जाऊन "वहिनी, टाकी भरली का?" एवढं विचारायचं.

आवाजावरून सगळं कळतं. एकसारखी बारीक चरचर निघाली तर जमलं. फटाफट उडतंय म्हणजे तारेचा वेग जास्त किंवा व्होल्टेज कमी. फुसफुसत मोठा थेंब लोंबतोय म्हणजे उलट. पातळ पत्र्याला सोळा-सतरा व्होल्ट पुरतात, आणि सलग रेघ ओढायचीच नाही. टाका मारायचा, थांबायचं, दूर जाऊन दुसरा मारायचा, पत्रा निवला की परत पहिल्याशेजारी यायचं. घाई केली की भोक. घाई कोण करतं? बघायला उभा असलेला माणूस. तो डोळ्यांवर बोटं ठेवून फटीतून बघत असतो, रात्री डोळे चुरचुरायला लागले की बटाट्याच्या चकत्या ठेवतो आणि सकाळी मशीनवाल्याला शिव्या देतो. आमच्या अंगणात आता जाड पडदा लावला आहे. त्यामुळे लोक जमतात, पण फक्त सल्ला देतात.

आणि जस्त. कूलरचा पत्रा जस्ताचा मुलामा दिलेला असतो. तसाच तापवला तर पांढरा धूर निघतो, आणि संध्याकाळी हुडहुडी भरून ताप येतो. जुने वेल्डर यावर गूळ खातात, दूध पितात. गुळाबद्दल माझं काही म्हणणं नाही, पण जोडायच्या जागेचा मुलामा आधी घासून काढावा, मोकळ्या हवेत बसावं आणि मग हवा तितका गूळ खावा.

आमचा कूलर जोडला गेला. शिवण इतकी सुबक, की मी ती येणाऱ्या-जाणाऱ्याला वाकून पाहायला लावतो. पण जस्त घासून काढल्यामुळे नेमकी तीच जागा आता सर्वांत आधी गंजणार, म्हणून तिच्यावर काहीतरी लावायला हवं होतं. बाळूभाऊंनी घरून डबा आणून दिला. डांबर.

तर ज्यांचं तळ गळतं त्यांनी खुशाल यावं. मशीन देईन, टोप देईन, शिकवीनसुद्धा. तार तुमची, गॅस तुमचा, आणि पत्रा घरून घासून आणायचा. टेरिकॉट घालून आलात तर फाटकातूनच परत पाठवीन. आणि तुमच्याकडे प्लास्टिकचा कूलर असेल, तर तुम्ही हा लेख उगाचच वाचलात.