खाली, डावीकडे

आमच्या जिन्याच्या कोपऱ्यात कुणीतरी खर्रा थुंकून गेलं होतं. अमरावतीतल्या जिन्यांची ही नेहमीची शोभा. बाकीच्यांनी नाकाला पदर-रुमाल लावले. काकांनी मात्र चष्मा कपाळावर चढवून डाग न्याहाळला आणि निदान केलं, "खाली अन् डावीकडं गेला. उजव्या हाताचा मानूस हाय, चाप झटकला त्यानं."

थुंकायला हात लागत नाही, हे त्यांना कोण सांगणार!

अकोल्यात कॉलेजात असताना एनसीसीत बावीसची रायफल पाच गोळ्यांपुरती काकांच्या हाती आली. पुढे तीस वर्षं बडनेरा-मूर्तिजापूर-अकोला अप-डाऊन झालं, पेन्शन बसली, पण त्या पाच गोळ्या अजून संपलेल्या नाहीत. त्यात नातवानं दहा मीटर एअर पिस्तूल सुरू केलं आणि काका रायफलवरून पिस्तुलावर आले. पिस्तूल नातवाकडे, ज्ञान काकांकडे.

रोज सकाळी गच्चीत ते पाण्याची लिटरभराची बाटली एका हातात धरून, हात ताठ करून, कोऱ्या भिंतीसमोर उभे राहतात. एअर पिस्तूलही साधारण एवढंच भरतं आणि ते एकाच हातानं धरायचं असतं. दुसरा हात खिशात. पॅरिस ऑलिंपिकला तुर्कस्तानचा नेमबाज युसुफ डिकेच खिशात हात घालून उभा राहिला आणि जगभर गाजला. काका तसेच उभे राहतात तेव्हा समोरच्या घरातल्या बाई रिकामा ग्लास घेऊन येतात. मे महिन्यात पारा पंचेचाळिसावर असताना कुणी बाटली पुढे केली, तर माणूस दुसरं काय समजणार?

पण शास्त्र त्यांचं पक्कं आहे, हे मान्य करायलाच हवं. दहा मीटरवरच्या कागदावर दहा गुणांचं वर्तुळ असतं साडेअकरा मिलिमीटरचं, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढं. नळीच्या टोकावरची माशी मागच्या खाचेत मिलिमीटरभर सरकली, की तिकडे छर्रा तीनेक सेंटिमीटर भरकटतो. म्हणून नजर माशीवर ठेवायची, कागदावर नाही. माशी स्पष्ट, कागद धूसर. श्वास अर्धा सोडून थांबायचं, चाप बोटाच्या पेरानं सरळ मागे दाबत न्यायचा. आणि छर्रा सुटल्यावरही क्षणभर तसंच राहायचं. पाहायची घाई केली, की हात हललाच.

"बार कवा उडाला हे आपल्यालेच कळू नये, बावा. कळलं म्हंजे झटकला."

आता हे सगळं पिस्तुलापुरतं राहिलं असतं तर काय हरकत होती! काकू सुईत दोरा ओवायला बसल्या की मागून आवाज येतो, "दोऱ्याकडं पाय, भोकाकडं नको!" कॅरमवर पोट्ट्यांची सोंगटी हुकली, की पोट्टेच आधी ओरडतात, "चाप झटकला!" भाजीबाजारात काका तराजूच्या काट्यावर अशी नजर रोखतात, की पिशवीत वांगी आली की ढेमसं, हे घरी आल्यावर उघड होतं. धूसर कागदाची ही सवय त्यांच्या सगळ्या आयुष्याला लागली आहे. बँकेत जाऊन फॉर्म सुवाच्य अक्षरात भरतात आणि कशासाठी आलो, ते घरी फोन करून विचारतात.

त्यांचं खरं दुखणं मात्र कोल्हापूर. तेजस्विनी सावंत 2010 साली विश्वविजेती झाली, कोल्हापूरची. राही सरनोबतनं 2018 च्या आशियाई स्पर्धेत पिस्तुलात सुवर्ण आणलं, तीही कोल्हापूरची. 2024 ला पॅरिसमध्ये स्वप्नील कुसाळेला रायफलमध्ये कांस्य मिळालं, तेव्हा काकांनी पेढे वाटले आणि शेवटचा पेढा तोंडात टाकून म्हणाले, "हाही तिकडचाच! सिंचनाचा अनुशेष हाय, रस्त्याचा हाय, आता नेमाचाही काढा!"

हा अनुशेष भरून काढायची संधी गेल्या हिवाळ्यात बहिरमच्या यात्रेत आली. आम्ही खरं तर हंडीतलं मटण आणि रोडगे खायला गेलो होतो. वाटेत फुग्यांचा स्टॉल लागला. मुठीला सुतळी गुंडाळलेलं एक छऱ्याचं पिस्तूल तिथे होतं. काकांनी पाय रोवले, डावा हात खिशात घातला, श्वास अर्धा सोडला. आमचाही थांबला.

पाच छर्रे सुटले. फुगे जिथल्या तिथे. पण मागच्या पत्र्यावर पाचही खुणा रुपयाच्या नाण्याखाली झाकतील इतक्या जवळ, एकीवर एक. आणि सगळ्या लाल फुग्याच्या वीतभर खाली, डावीकडे.

"काका, चाप झटकला का?" कॉलनीतल्या एका पोट्ट्यानं विचारलं.

"ग्रुप पाय ना बे, ग्रुप! झटक्यानं असा ग्रुप बसते काय? माशी वाकडी हाय याची." काका स्टॉलवाल्याकडे वळले. "पेचकस दे एक."

"पेचकस कायले, बुवा?" तो छर्रे भरत म्हणाला. "वीतभर वर, उजवीकडं धरा. आपोआप फुटन."

काकांनी पिस्तूल हळूच फळीवर ठेवलं.

"म्या चुकीचा नेम धरू?" म्हणाले, आणि हंड्यांच्या दिशेनं ताडताड चालू लागले.