अविस्मरणीय! (फोटो सोबत जोडला आहे)

सत्काराला उत्तर देताना ‘आयुष्यातला सर्वांत सुंदर अनुभव’ सांगण्याचा आपल्याकडे प्रघात आहे. तो कळसूबाईच्या, म्हणजे १,६४६ मीटरच्या, खाली घडलेला चालत नाही. भरपेट जेवून पंख्याखाली लागलेली डुलकी कितीही स्वर्गीय असो, तिचं नाव व्यासपीठावरून घेतलं तर आयोजक शाल परत मागतील.

२०१२ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत पश्चिम घाट आला, त्यात कास पठारही आलं, आणि साताऱ्याजवळच्या फुलांना सुंदर असल्याचं प्रमाणपत्र मिळालं. आता तिथे गेलेला माणूस फुलांकडे पाठ करून उभा राहतो, कारण चेहरा कॅमेऱ्यात यायला हवा. काही वर्षांतून एकदाच फुलणारी कारवीसुद्धा त्याच्या कानामागे जांभळट डाग होऊन उरते.

डॅनियल काहनेमन या मानसशास्त्रज्ञाचं म्हणणं असं, की आपल्याला अनुभव आठवतो तो त्याच्या कळसावरून आणि शेवटावरून. सुट्टीतल्या कास-सहलीचा शेवट घाटातल्या वाहनकोंडीत होतो. म्हणजे ती अविस्मरणीय असते, यात शंका नाही.

तेव्हा वाचकहो, पाठ फिरवायचीच असेल, तर कॅमेऱ्याकडे फिरवा.