घोरणाऱ्यांची विमाप्रवेशिका

(इयत्ता पहिली. अमेरिकेत राहणाऱ्या आणि झोप पुरी न होणाऱ्या मंडळींसाठी.)

प्रस्तावना

ज्यांना अमेरिकेतल्या नोकरीबरोबर आरोग्यविमा मिळाला आहे आणि जे रात्री घोरता घोरता मध्येच गप्प होतात, अशा मराठी माणसांसाठी ही प्रवेशिका आहे. घोरणे आपल्याकडे पिढीजात. आजोबा घोरायचे, वडील घोरायचे आणि "काय गाढ झोप लागते हो यांना!" असे घरादाराने कौतुक करायचे. त्या गाढ झोपेत श्वास अडकत होता, हे कौतुक करणाऱ्यांच्या गावीही नव्हते.

या दुखण्यावरचा उपाय जुना आहे. सिडनीच्या कॉलिन सुलिव्हन या डॉक्टरांनी नाकावाटे दाबाने हवा सोडून घसा उघडा ठेवण्याची युक्ती १९८१ साली 'लॅन्सेट'मध्ये मांडली. तेच आजचे सीपॅप यंत्र. श्वास कसा चालू ठेवायचा, हा प्रश्न तेव्हाच सुटला. पैसे कोणी आणि कोणत्या यंत्राचे द्यायचे, एवढाच प्रश्न उरला. त्यासाठी पुढचे धडे.

धडा १ : आकडा

तुमच्या घोरण्याची पहिली साक्षीदार म्हणजे शेजारी झोपणारी व्यक्ती. विम्याच्या दरबारात तिच्या साक्षीला किंमत शून्य. तिने फोनवर ध्वनिमुद्रण करून ठेवले असेल, तर ते नातेवाइकांना ऐकवावे. विमा कंपनीला लागतो तो एएचआय, म्हणजे तासाभरात श्वास किती वेळा बंद पडला किंवा मंदावला याचा आकडा. किमान दहा सेकंद टिकलेला प्रसंगच मोजतात. नऊ सेकंद गुदमरलात, तर ती तुमची खासगी बाब.

मेडिकेअर हा सरकारी विमा यात सगळ्यांचा गुरू. खासगी कंपन्या बहुधा त्याचेच नियम गिरवतात. आकडा १५ किंवा त्याहून जास्त असेल, तर तुम्ही सरळ उत्तीर्ण. ५ ते १४ असेल, तर जोडीला दिवसाची पेंग, रक्तदाब, हृदयविकार असे काही दाखवावे लागते. निकोप माणूस नापास होतो, अशी ही एकमेव परीक्षा.

पेपर तपासण्याच्या पद्धतीही दोन. श्वास मंदावल्यावर रक्तातला प्राणवायू ३ टक्के उतरला की काही ठिकाणी तो प्रसंग धरतात. मेडिकेअरला ४ टक्केच हवेत. त्यामुळे एकच माणूस एकाच रात्री एका पद्धतीने आजारी ठरतो आणि दुसऱ्या पद्धतीने ठणठणीत. घरी अंगाला उपकरण बांधून करायच्या झोपेच्या चाचणीत आणखी एक गंमत असते. तुम्ही छताकडे बघत पडून राहिलात, तरी ते तास बहुतेक उपकरणे भागाकारात धरतात आणि आकडा खाली येतो. म्हणून चाचणीचा संपूर्ण अहवाल मागून घ्या. तो मिळणे हा तुमचा कायदेशीर हक्क आहे. 'सौम्य' एवढ्या एका शब्दावर समाधान मानू नका.

डॉक्टर पेंगेविषयी आठ प्रश्नांचा कागद देतील. वाचताना, टीव्ही बघताना, सिग्नलला गाडी थांबली असताना डुलकी लागते का, वगैरे. इथे मराठी बाणा आड येतो. "छे हो, तसं काही नाही" हे उत्तर आपल्या जिभेवरच असते. ते गिळा. कॅमेरा बंद करून दुपारच्या मीटिंगमध्ये तुम्ही काय करता, हे मॅनेजरपासून जरूर लपवा, डॉक्टरांपासून नको.

धडा २ : कोड

हा धडा पाठ करावा. विमा कंपनी यंत्राचे पैसे देत नाही. ती कोडचे पैसे देते. सीपॅपचा कोड आहे ई०६०१. रात्रभर एकाच दाबाने हवा सोडणारे साधे यंत्र याच कोडात येते, आणि श्वासागणिक दाब आपोआप कमीजास्त करणारे, रात्रीची बारीकसारीक नोंद ठेवणारे यंत्रही याच कोडात येते. दुकानदाराला दोन्हीचे पैसे सारखेच मिळतात. त्याला स्वस्त पडलेले यंत्र तुमच्या गळ्यात घातले, तर मधला फरक त्याच्या गल्ल्यात.

म्हणून तो म्हणेल, "तुमच्या विम्यात हेच बसतं." हे खोटे नाही. तुम्हाला हवे आहे तेही बसते, एवढेच तो सांगायचे विसरतो. तुम्ही शांतपणे म्हणायचे, "कोड तोच आहे ना? मग डॉक्टरांनी लिहिलंय ते मॉडेल द्या." यासाठी डॉक्टरांनी ते आधी लिहिलेले हवे. बहुतेकांच्या प्रिस्क्रिप्शनवर नुसते 'सीपॅप' असते. त्यावर कंपनी आणि मॉडेलचे नाव, 'ऑटो', दाबाची खालची-वरची मर्यादा, गरम पाण्याचा ह्युमिडिफायर (त्याचा कोड वेगळा, ई०५६२) आणि 'रुग्णाला बसेल तो मास्क' एवढे लिहून घ्या. शेवटी 'लिहिल्याप्रमाणेच द्यावे' अशी ओळ हवी. डॉक्टर घाईत असतात. मजकूर टाइप करून नेलात, तर ते खूश होऊन सही करतात.

फार हावरेपणाही करू नये. श्वास घेताना एक आणि सोडताना दुसरा दाब देणाऱ्या बायपॅपचा कोड ई०४७०. साधे यंत्र लावून पाहिले आणि जमले नाही, असे कागदावर आल्याशिवाय हे दार बहुधा उघडत नाही.

धडा ३ : दुकानदार

यंत्र औषधाच्या दुकानात मिळत नाही. त्यासाठी डीएमई नावाची वेगळी जमात असते, आणि ती तुमच्या विम्याच्या नेटवर्कमधलीच लागते. डॉक्टरांच्या कचेरीने ज्याच्याकडे कागद पाठवला त्याच्याकडेच गेले पाहिजे, असा नियम नाही. दोन-तीन ठिकाणी फोन करा आणि विचारा : हे मॉडेल आहे का? भाडे किती महिने? डिडक्टिबल (विम्याआधी स्वतः भरायची रक्कम) धरून दरमहा माझ्या खिशातून किती? उत्तर देणाऱ्याचे नाव, तारीख आणि संभाषणाचा क्रमांक वहीत टिपून ठेवा. वही दिसली की समोरच्याचा सूर बदलतो, आणि फोनवरसुद्धा ती कशी कोण जाणे, दिसते.

भाडे म्हणायचे कारण, यंत्र लगेच तुमचे होत नाही. मेडिकेअरमध्ये तेरा महिने भाडे भरल्यावर मालकी मिळते. खासगी विम्यात मुदत थोडी इकडेतिकडे. इथे पंचांग बघावे. बहुतेकांचे डिडक्टिबल १ जानेवारीला पुन्हा शून्यापासून सुरू होते. चाचणी नोव्हेंबरात आणि यंत्र जानेवारीत, असा योग आला, तर दोन्ही वर्षांचा खड्डा तुम्हीच भरता. डिडक्टिबल भारी असेल, तर प्रिस्क्रिप्शन दाखवून रोखीने घेतलेले यंत्र कधी कधी विम्यातल्या भाड्याहून स्वस्त पडते. ते पैसे एचएसए या आरोग्यबचत खात्यातून देता येतात. विम्याचा सर्वांत चांगला उपयोग कधी कधी तो न वापरण्यात असतो, हे इयत्ता दुसरीच्या पुस्तकात येईल.

धडा ४ : मास्क

यंत्रासाठी भांडभांड भांडून मास्क मात्र मिळेल तो उचलणे, ही नवशिक्यांची खूण. नाकपुड्यांत टेकणारा, नाकावर बसणारा आणि नाक-तोंड झाकणारा, असे तीन मुख्य प्रकार. दुकानात खुर्चीवर बसवून माप घेतात, पण आपण झोपतो आडवे. "पलंग आहे का?" असे विचारायला लाजू नका. आडवे पडून, हवा चालू ठेवून, कुशीवर वळून बघा. भरघोस मिशा असतील, तर नाक-तोंड झाकणाऱ्या मास्कच्या कडेने हवा सुटते. मास्क बदलायचा की मिशा, हा निर्णय घरात चर्चेने घ्यावा. बरेच डीएमई पहिल्या तीस दिवसांत मास्क बदलून देतात. तशी सवलत आहे का, ते पहिल्याच दिवशी विचारून घ्या.

धडा ५ : नव्वद दिवसांचे व्रत

यंत्र घरी आले, आता निवांत झोपू, असे वाटत असेल, तर हा धडा दोनदा वाचा. पहिल्या नव्वद दिवसांतल्या सलग तीस दिवसांत किमान ७० टक्के रात्री, म्हणजे एकवीस रात्री, दर रात्री चार तास मास्क लावलेला असला पाहिजे. आपल्या कहाण्यांतल्या व्रतासारखेच सगळे. नेम आहे, भंग झाला तर कोप आहे, आणि मनोभावे पाळले की फळ आहे. फरक इतकाच, की इथला देव यंत्रातल्या मोडेममधून रोज सकाळी हिशेब घेतो. एकतिसाव्या दिवसापासून पुढे आणि एक्याण्णवावा उलटण्याआधी डॉक्टरांना भेटून "फायदा होतोय" हे त्यांच्या कागदावर आणणे, हे या व्रताचे उद्यापन. ते राहिले, तर यंत्र परत जाऊ शकते.

व्रतभंगाची मुख्य स्थळे दोन : टीव्हीसमोरचा सोफा, आणि पहाटे बाथरूमला जाऊन आल्यावर मास्क लावायचा केलेला कंटाळा. याच काळात भारतात लग्न निघाले, तर यंत्र घेऊन जा. अमेरिकेच्या विमान नियमांनुसार ते हातातल्या सामानात मोजत नाहीत. तिथे मोडेम मुका झाला, तरी नोंद एसडी कार्डात राहते, म्हणून कार्ड काढू नका.

रेसमेड कंपनीचे मायएअर अ‍ॅप रोज सकाळी शंभरपैकी गुणही देते. किती तास लावले याला ७०, मास्कमधून हवा गळली नाही याला २०, मास्क सारखा काढला-घातला नाही याला ५. श्वास बंद पडला की नाही, ज्यासाठी हा सगळा खटाटोप, त्यालाही ५. ज्यांना खरेच काय चालले आहे ते बघायचे असेल, त्यांनी एसडी कार्ड संगणकात घालून ऑस्कर नावाचे फुकटचे सॉफ्टवेअर उघडावे.

धडा ६ : नकार

नकाराचे पत्र आल्यावर आपला माणूस दोनपैकी एक करतो. मुकाट्याने पैसे भरतो, किंवा 'या देशात काही अर्थ नाही' म्हणतो. केएफएफ या संस्थेने सरकारी विमाबाजारातल्या योजनांचा आढावा घेतला, तेव्हा नाकारलेल्या क्लेमांपैकी एक टक्क्याहूनही कमी क्लेमांवर लोकांनी अपील केलेले आढळले. कंपनीचा भरवसा आपल्या या कंटाळ्यावर असतो.

तुम्ही कारण लेखी मागा. कंपनीच्या डॉक्टरशी फोनवर बोलायला आपल्या डॉक्टरांना सांगा. मग कंपनीकडे अपील करा. मुदत नकार मिळाल्यापासून १८० दिवस. तिथेही नाही म्हणाले, तर चार महिन्यांच्या आत बाहेरच्या स्वतंत्र तपासणीची मागणी करा. तिचा निर्णय कंपनीला पाळावाच लागतो. पत्रात दुःख लिहू नये. आकडा, कोड आणि त्यांच्याच नियमावलीतले वाक्य लिहावे. दुःखाला कोड नाही.

धडा ७ : मालकी

व्रत फळले की पार्सले सुरू होतात. मेडिकेअरच्या वेळापत्रकाप्रमाणे दर तीन महिन्यांनी मास्क आणि नळी, महिन्याला दोन फिल्टर, सहा महिन्यांनी पाण्याची टाकी. "पाठवू का?" या फोनला 'हो' म्हणण्याआधी बिल कोणाच्या खिशातून जाणार, ते विचारा. यंत्राचा क्रमांक ते बनवणाऱ्या कंपनीकडे नोंदवा. २०२१ च्या जूनमध्ये फिलिप्सने आतला फोम झिजतो म्हणून लाखो यंत्रे परत मागवली, तेव्हा हा क्रमांकच उपयोगी पडला. आणि भाड्याच्या मधेच नोकरी बदलली, तर नवी विमा कंपनी जुन्या कागदांना बहुधा नमस्कार करून भाडे पहिल्या महिन्यापासून मोजते. पगाराच्या वाटाघाटीत हा खर्च धरावा.

स्वाध्याय

प्र. १. रिकाम्या जागा भरा : एकवीस रात्री, प्रत्येकी ___ तास.

प्र. २. चूक की बरोबर ते सांगा : "तुमच्या विम्यात हेच बसतं."

प्र. ३. कारणे द्या : रुग्णाला दुपारी पेंग येते, तरी नियमावली त्यालाच वाचावी लागते.

प्र. ४. योग्य पर्याय निवडा. विमा कंपनी काय विकत घेते? (अ) झोप (आ) यंत्र (इ) कोड.
(ज्यांनी (अ) लिहिले, त्यांनी पहिल्या धड्यापासून पुन्हा सुरुवात करावी. ज्यांनी (आ) लिहिले, त्यांना दुकानदार देईल ते यंत्र मिळेल. ज्यांनी (इ) लिहिले, त्यांनी आ आणि अ याच क्रमाने मिळवावेत.)