हॉट, हॉटर, सोलापूर

इंग्रजी विशेषणाला तीन पायऱ्या असतात: पॉझिटिव्ह, कंपॅरेटिव्ह आणि सुपरलेटिव्ह. पहिली सोलापूरकराला जमते, तिसरी तो जन्मतःच घेऊन येतो आणि दुसरीवर त्याचा पाय घसरतो. सदर मार्गदर्शन मुख्यतः त्या दुसऱ्या पायरीसाठी आहे; तिसरीच्या अतिसेवनाने होणाऱ्या विकारांवरही जाता जाता उपचार सुचवले आहेत.

आधी दुखण्याचे मूळ पाहू. सोलापुरात मराठी बोलतात, कन्नड बोलतात, पूर्व भागातल्या विणकरांच्या घरांतून तेलुगू ऐकू येते आणि उर्दू-दखनीला कुठल्याच पेठेत मज्जाव नाही. या चारही भाषांचे एका बाबतीत एकमत आहे. चार सोलापूरकरांचे एकमत होण्याचा हा दुर्मीळ प्रसंग असल्याने त्याची नोंद घ्यावी. तुलना करताना विशेषणाला हात लावायचा नाही, हे ते एकमत. मराठीत 'पेक्षा', कन्नडमध्ये 'गिंत', तेलुगूत 'कंटे', उर्दूत 'से'. जो हरला त्याच्या नावावर हा शिक्का मारला की काम संपले. 'टॉवेलपेक्षा चादर जाड' म्हणताना 'जाड' जागचे हलत नाही. इंग्रजीचे एवढ्याने भागत नाही. ती हरलेल्याच्या आधी 'दॅन' लावते आणि वर विशेषणालाही 'अर'चे शेपूट जोडते. एकाच मालावर दोनदा जकात. त्यामुळे चार भाषांत बिनधोक वावरणारा माणूस 'चादर इज थिक दॅन टॉवेल' म्हणतो, तेव्हा त्याला तुलना कळलेली नसते असे नाही. त्याने दुसरी जकात भरलेली नसते, इतकेच.

शेपूट कुणाला लावायचे हे टाळी वाजवून ठरवावे. शब्द एका टाळीत संपत असेल, जसे 'थिक', 'चीप', 'हॉट', तर 'अर' आणि 'एस्ट'. तीन किंवा जास्त टाळ्या लागत असतील तर शेपटाचा नाद सोडून शब्दाआधी 'मोअर' किंवा 'मोस्ट' उभा करावा: 'मोअर एक्स्पेन्सिव्ह'. दोन टाळ्यांचे शब्द लहरी. शेवटी 'वाय' असेल तर बहुधा त्याचा 'आय' करून शेपूट लागते: 'डस्टी'चे 'डस्टिअर'. सरावासाठी शहरातले कोणतेही दोन रस्ते घ्यावेत. 'क्लेव्हर' आणि 'सिंपल' यांना दोन्ही चालते. 'हॉट'ला शेपूट लावताना एक जादा 'टी' लागतो, 'कोल्ड'ला जादा काही लागत नाही. तसा त्या शब्दाचा इथे उपयोगही बेताचाच.

दोन्ही औषधे एकदम घेऊ नयेत. 'मोअर बेटर' ऐकले की मास्तरांची लाल शाई उसळते. शेक्सपिअरने 'ज्यूलियस सीझर'मध्ये अँटनीच्या भाषणात 'अनकाइंड' या शब्दाला पुढून 'मोस्ट' आणि मागून 'एस्ट' असे दोन्हीकडून जुंपले होते, पण १७६२ साली रॉबर्ट लोथ यांनी इंग्रजीचे व्याकरण लिहून अशी दुहेरी रूपे अयोग्य ठरवली. शेक्सपिअर दीडशे वर्षे आधीच गेलेला असल्याने सुटला. दहावीचा विद्यार्थी सुटत नाही.

'बेस्ट'ची गोष्टच निराळी. इंग्रजीत ही शिडीची शेवटची पायरी. मराठीत शिरताना तिची 'बेष्ट' झाली आणि ती थेट तळमजल्यावर उतरली. 'कालच्यापेक्षा आजची चटणी बेष्ट' हे शेंगाच्या चटणीवरचे वाक्य मराठीत निर्दोष आहे. इंग्रजीत मात्र 'दॅन'च्या शेजारी 'बेस्ट' बसत नाही, तिथे 'बेटर'लाच बोलवावे लागते.

आता परीक्षेतला तो प्रसिद्ध प्रश्न: 'चेंज द डिग्री'. रेन आणि मार्टिन यांच्या व्याकरणाने भारतातल्या पिढ्यान् पिढ्यांना ही कसरत करायला लावली. त्यातले रेन म्हणजे 'बो जेस्त' ही साहसकादंबरी लिहिणारे पी. सी. रेन. मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्यात नोकरी केलेला माणूस, तेव्हा त्यांना परके म्हणून टाळता येणार नाही.

या कसरतीसाठी घरचे वाक्य घ्यावे: सोलापूर हे महाराष्ट्रातले हॉटेस्ट शहर. कंपॅरेटिव्ह करताना 'हॉटर दॅन एनी अदर सिटी' असे लिहावे. घाईत 'अदर' गळले, तर सोलापूर महाराष्ट्रातच असल्यामुळे ते स्वतःपेक्षाही गरम ठरते. मे महिन्यात दुपारी दोन वाजता हे खरे वाटते, पण व्याकरणाला मान्य नाही. पॉझिटिव्हसाठी 'नो अदर सिटी इज अ‍ॅज हॉट अ‍ॅज सोलापूर'.

व्याकरण जुळले तरी भूगोल आडवा येतो. पारा चाळिशी ओलांडतो हे खरे, पण चंद्रपूर आणि अकोला या शर्यतीत पुढे असतात. अशा वेळी 'वन ऑफ द हॉटेस्ट' म्हणावे आणि त्यापुढे नाम अनेकवचनी ठेवावे: 'सिटीज'. त्याचे पॉझिटिव्ह 'व्हेरी फ्यू सिटीज' असे सुरू होते. आपण अनेकांतले एक आहोत, हे लिहिताना सोलापूरकराचा हात किंचित थरथरतो. ते स्वाभाविक आहे.

सोलापूरजवळच्या नान्नजचा माळढोकही याच रांगेत बसतो: उडणाऱ्या सर्वांत वजनदार पक्ष्यांपैकी एक, म्हणून 'वन ऑफ द हेविएस्ट फ्लाइंग बर्ड्स'. त्याच्यासाठी १९७९ मध्ये जाहीर झालेले अभयारण्य कागदावर ८,४९६ चौरस किलोमीटरचे, राज्यात सर्वांत मोठे. पुढे ते सुमारे १,२२२ वर आणले गेले. 'लार्जेस्ट' लिहिण्यापूर्वी सरकारी अधिसूचना पाहावी, ती याचसाठी. माळढोक आता क्वचितच दिसतो, त्यामुळे 'रेअर', 'रेअरर', 'रेअरेस्ट' हीही उजळणी तिथेच उरकता येईल.

घरगुती वापरात जपून असावे. थोरल्या भावाला 'एल्डर ब्रदर' म्हणता येते, पण तो 'एल्डर दॅन मी' नसतो, 'ओल्डर दॅन मी' असतो. कचेरीतला वरिष्ठ 'सीनियर टू' असतो. 'सीनियर दॅन' म्हटल्याने त्याची पगारवाढ अडत नाही, आपले गुण अडतात.

राहिली बाजारातली जुनी पाटी, 'चीप अँड बेस्ट'. एक पाय पहिल्या पायरीवर, दुसरा तिसऱ्या. नियमाने 'चीपेस्ट अँड बेस्ट' हवे. दुकानदारांनी पाटी बदलू नये. गिऱ्हाइकाला ती नीट कळते आणि नव्या रंगाला खर्च येतो. विद्यार्थ्यांनी मात्र ती उत्तरपत्रिकेत उतरवू नये, तिथे घासाघीस चालत नाही.